घरी येणाऱ्या रुग्णसेविकांचे बोलणे : पुण्यातील एका ब्युरोच्या सेवेचा चार महिन्यांचा अनुभव

माझे यजमान ७४ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होऊन त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे वाचा गेली. रुग्णालयातून घरी आणताना आम्ही पुण्यातील एका ब्युरोकडून दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन अटेंडंट, तसेच आठवड्यातून दोनदा फेरी मारणारी एक प्रशिक्षित नर्स, अशी सेवा घेतली. ती चार महिने चालली आणि त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. मी स्वतः मुंबईतील महापालिकेच्या एका रुग्णालयात ३३ वर्षे सिस्टर म्हणून काम करून निवृत्त झाले आहे, त्यामुळे माझी नजर सामान्य ग्राहकाची नाही. ती काही ठिकाणी कडक वाटेल आणि काही ठिकाणी उघडउघड त्या मुलींकडे झुकलेली वाटेल. ब्युरोचे नाव देत नाही. माझ्या तक्रारी मी त्यांना लेखी दिल्या आहेत, आणि नाव दिले तर कोणती मुलगी कोणाच्या घरी होती हे आमच्या भागात कोणालाही सहज कळेल.

हाताने करायच्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते चांगले होते. स्पंजिंग, दर दोन तासांनी कूस बदलणे, पलंगावरून खुर्चीत घेणे, लघवीची पिशवी रिकामी करून माप लिहिणे, हे सगळे दोघींना येत होते. चार महिन्यांत एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नाही, आणि ज्याने घरात लकव्याचा पेशंट सांभाळला आहे त्याला या एका वाक्याची किंमत कळेल. बारा तासांचे नऊशे रुपये हा दर पुण्यात आता जास्त म्हणता येत नाही. केवळ एवढ्यावर गुण द्यायचे असते तर मी पाचपैकी साडेचार दिले असते. प्रत्यक्षात मी तीन देते, आणि उरलेले दीड गुण कुठे गेले ते सांगण्यासाठीच हा खटाटोप आहे. ते सगळे बोलण्यात गेले.

पहिल्या दिवशी ब्युरोच्या समन्वयक बाई पाहणीसाठी आल्या, तेव्हा यजमान समोर खुर्चीत बसलेले होते. बाईंनी फॉर्म उघडला आणि मला विचारायला सुरुवात केली. "आजोबा स्वतः जेवतात का? आजोबांना समजतं का? रात्री त्रास देतात का?" चाळीस वर्षे गणित शिकवलेला माणूस हे सगळे ऐकत होता. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर तीनदा थाप मारली आणि मान भिंतीकडे वळवली. बाईंनी फॉर्मच्या तळाशी लिहिले, "स्वभाव चिडचिडा." तो कागद आजही माझ्याजवळ आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात आम्हाला शिकवले गेले होते की नोंदवहीत जे दिसले ते लिहायचे, आपले मत लिहायचे नाही. पेशंटने दूध नाकारले असे लिहायचे, पेशंट हट्टी आहे असे लिहायचे नाही. यामागे नुसती शिस्त नसते. कागदावर पडलेले विशेषण पुढच्या पाळीला जाते आणि पुढची पाळी पेशंटला त्याच विशेषणातून बघते. तसेच झाले. पहिल्या रात्री आलेल्या मुलीने दारातच विचारले, "आजोबा मारतात का हो?"

डॉक्टर ज्याला अफेझिया म्हणतात त्या वाचाघाताचे अनेक प्रकार असतात. यजमानांच्या प्रकारात समोरच्याचे बोलणे बरेचसे समजते, मात्र स्वतःचा शब्द जिभेवर येत नाही, आणि आलाच तर भलताच येतो. कानात काही बिघाड नसतो. तरीही घरात पाऊल टाकणारी प्रत्येक व्यक्ती त्यांच्याशी मोठ्याने ओरडून बोलत असे. त्यात आमचे नातेवाईकही आले. पण नातेवाइकांना कोणी पगार देत नाही. लकव्याच्या पेशंटकडे मुली पाठवणाऱ्या ब्युरोने एवढे तरी शिकवून पाठवायला हवे की एका वेळी एकच गोष्ट विचारावी, हो किंवा नाही एवढ्या उत्तरावर भागेल असा प्रश्न करावा, आणि नंतर थांबावे. थांबणे सर्वांत अवघड असते. आपल्याला दहा सेकंदांची शांतता सोसत नाही, आणि यजमानांचा एक शब्द जमायला तेवढा वेळ लागतो. शिवाय अशा पेशंटच्या तोंडून "नाही" निघते तेव्हा त्याला "हो" म्हणायचे असू शकते. आम्ही तोंडाचे उत्तर सोडून अंगठ्याचे धरायला लागलो: अंगठा वर असेल तर हो आणि आडवा असेल तर नाही. ही युक्ती स्पीच थेरपिस्टने दिली आणि ती दोन्ही अटेंडंटना समजावण्याचे काम मीच केले.

दुसरी गोष्ट नावाची. ब्युरोचा संदेश येत असे, "उद्या ८ वाजता लेडी अटेंडंट येईल." सकाळी बेल वाजे आणि दारात उभी असलेली मुलगी म्हणे, "ब्युरोतून आले." नाव नाही आणि काय काम करणार तेही नाही. ब्रिटनमध्ये केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर होत्या. त्या स्वतः कर्करोगाच्या पेशंट म्हणून रुग्णालयात पडून असताना त्यांच्या लक्षात आले की अंगाला हात लावणाऱ्यांपैकी बरेच जण आपले नावसुद्धा सांगत नाहीत. त्यातून २०१३ मध्ये त्यांनी "नमस्कार, माझे नाव अमुक" एवढ्याच एका वाक्याची मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये त्या वारल्या, पण ते वाक्य तिथल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यांवर पोचले. आमच्या वॉर्डात असले काही नव्हते, हे कबूल करायला हवे. मी स्वतः आयुष्यभर "सात नंबरला सलाईन लाव" असे म्हणत आले. आता सात नंबर माझ्या घरात, माझ्याच पलंगावर झोपलेला असल्याने त्याचा अर्थ उशिरा का होईना कळला.

याच ब्युरोच्या दिवसपाळीच्या मुलीने मात्र हे सगळे न शिकवता केले. ती नांदेड जिल्ह्यातली, दोन मुलांची आई. पहिल्या सकाळी ती पलंगाच्या डाव्या बाजूला, म्हणजे त्यांच्या चांगल्या बाजूला स्टूल ओढून बसली, आपले नाव सांगितले आणि विचारले, "तुम्हाला काय म्हणू मी? बाबा म्हणू? काका म्हणू?" दोन्ही वेळा अंगठा आडवा झाला. तिने भिंतीवरच्या शाळेच्या निरोप समारंभाच्या फोटोकडे बघितले आणि म्हणाली, "सर म्हणू?" यजमानांनी तिचे बोट धरले आणि बराच वेळ सोडले नाही. पुढचे चार महिने ती प्रत्येक काम आधी सांगून करत असे: "सर, चादर काढते आता", "सर, डाव्या कुशीला घेऊ का?" कपडे बदलताना न सांगता पांघरूण ओढणे म्हणजे काय असते ते ज्याचे ओढले जाते त्यालाच कळते; या मुलीला ते न सांगता कळत होते.

तिच्या मुलीला दुसरीत पाढे पाठ करायचे होते. दुपारी फोनवर मुलीकडून ते म्हणवून घेताना ती "बे पंचे" असे म्हणून अडखळली आणि पलंगावरून आवाज आला, "दहा." त्यानंतर "बे सक बारा"पासून "बे दाहे वीस"पर्यंत ते न चुकता म्हणाले. लहानपणी घोकलेले आकडे, श्लोक, गाणी हे ठरावीक क्रमाचे बोलणे अशा पेशंटमध्ये कित्येकदा शाबूत राहते, हे मला पुस्तकातून माहीत होते. थेरपिस्टनेही सावध केले की यावरून वाचा परत आली असे समजू नका, पाढा म्हणता आला म्हणजे पाणी मागता येईल असे होत नाही. ते खरेच होते. तरीही रोज दुपारी तीन वाजता फोनवर वर्ग भरू लागला, आणि फॉर्मवरच्या त्या "चिडचिडा" शब्दावर मी पेन्सिलने काट मारली.

रात्रपाळीच्या मुलीबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण ती कामचुकार नव्हती. ती सगळ्यांना एकेरीत बोलत असे. "आजोबा, तोंड उघड. पाय वर घे." आपल्याकडे काही भागांत आई-बापालाही अरे-तुरे करतात आणि त्यात जवळीक असते, अपमान नसतो, तिच्या घरची भाषा तीच होती. यजमानांना मात्र ते लागत असे आणि त्यांना ते सांगता येत नव्हते. मी ब्युरोला कळवले तेव्हा समन्वयक बाई म्हणाल्या की त्यांच्या प्रशिक्षणात "पेशंटशी नम्रपणे बोलावे" असे शिकवतात. नम्रपणे म्हणजे काय, हे जर सांगितलेच नाही, तर प्रत्येक जण आपल्या गावची नम्रता घेऊन येणार. पुण्यातल्या निवृत्त मास्तरला अहो-जाहो लागते आणि दुसऱ्या कोणा घरातल्या आजीला तेच परकेपणाचे वाटेल. म्हणून पेशंटला किंवा घरच्यांना विचारायचे असते. दोन मिनिटांचा प्रश्न आहे आणि तो त्यांच्या चार पानी फॉर्ममध्ये नाही. त्याच फॉर्ममध्ये पेशंटचे वजन दोन ठिकाणी विचारले आहे.

तिची दुसरी सवय "काही होत नाही" असे म्हणण्याची. ताप आला का विचारले तर "काही होत नाही", लघवी कमी झाली का विचारले तर "होईल, टेन्शन घेऊ नका." घाबरलेल्या नातेवाइकाला शांत करण्यासाठी आपल्या रुग्णालयांत हे शब्द इतके वापरले जातात की ते बोलणाऱ्याच्याही कानावर पडेनासे होतात. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढेच समजते की पुढे विचारायचे नाही.

तिसऱ्या आठवड्यात हेच महागात पडले. अन्न देण्यासाठी नाकात घातलेली नळी काढून दहा दिवस झाले होते, आणि पाण्यासह सगळे पातळ पदार्थ घट्ट करून, ताठ बसवून, हनुवटी छातीकडे घेऊन, चमच्याने द्यायचे अशी स्पष्ट सूचना होती. पहाटे पाच वाजता त्यांनी हाताने कपाची खूण केली, तिने मायेने साधा चहा करून पाजला आणि त्यांना जोराचा ठसका लागला. थोड्या वेळाने ठसका थांबला. सकाळी आठ वाजता दिवसपाळीची मुलगी आली, तेव्हा रात्रीची दारात चपला घालत होती. आम्ही वॉर्डात ज्याला "ओव्हर देणे" म्हणतो ते त्या दोघींमध्ये एवढेच झाले:

"कसंय?"

"ठीके सगळं. रात्री झोपले."

दुपारी त्यांच्या घशातून घुरघुर ऐकू येऊ लागली, संध्याकाळी ताप १०२ झाला, आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलेल्या त्या दोन घोटांचा न्यूमोनिया होऊन सहा दिवस पुन्हा रुग्णालयात काढावे लागले. ठसका लागला होता हे मला चौथ्या दिवशी, तिला फोन केल्यावर कळले. तिने लपवले नव्हते. तिला तो सांगण्यासारखा वाटलाच नव्हता. दिवसपाळीच्या मुलीला सकाळीच कळले असते तर न्यूमोनिया टळला असता असे मी म्हणणार नाही, पण निदान आठ तास आधी डॉक्टरांना फोन गेला असता.

ब्युरोने यावर त्या मुलीला काढून टाकण्याची तयारी दाखवली. मी तसे करू दिले नाही. ओव्हर कसा द्यावा हे ज्यांनी शिकवले नाही त्यांनी ओव्हर नीट दिला नाही म्हणून एकीला घरी पाठवणे सोपे असते, आणि तिच्या जागी येणारी बदलीची मुलगीही दारात चपला घालतच "ठीके" म्हणणार. त्याऐवजी मी एक कागद आखला. त्यावर चार चौकोन होते: आत्ता काय झाले आहे, आधीची परिस्थिती काय होती, तुम्हाला काय वाटते, आणि आता काय करायला हवे. ही माझी कल्पना नव्हे. अमेरिकेच्या आरमारात अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्यांवर थोडक्यात आणि चुकीशिवाय माहिती देण्यासाठी जी पद्धत वापरली जाई, ती या शतकाच्या सुरुवातीला कायझर पर्मनंटे या तिथल्या आरोग्यसंस्थेने रुग्णालयात आणली आणि तिथून ती जगभर पसरली. तिच्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला एसबार म्हणतात. पाणबुडीत आणि वॉर्डात एक साम्य आहे. दोन्हीकडे खालच्या माणसाला धोका आधी दिसतो आणि बोलण्याचा हक्क मात्र वरच्याला असतो.

पहिले दोन चौकोन दोघी दोन दिवसांत भरू लागल्या. चौथाही जमला. तिसरा कित्येक दिवस कोराच राहायचा. "मला काय वाटणार, ताई? मी काय डॉक्टर आहे?" हे रात्रपाळीच्या मुलीचे शब्द आहेत, पण ते तिचे नाहीत. आपल्याकडे वॉर्डातल्या मावशीने, म्हणजे आयाने, काही सांगितले तर सिस्टर म्हणते, "तू डॉक्टर आहेस का?" सिस्टरने सांगितले तर हाउसमन, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर म्हणतो, आणि हाउसमनने सांगितले तर त्याच्या वरचे म्हणतात. मीही म्हटलेले आहे. ज्या मुलीने पेशंटच्या उशाशी बारा तास काढले तिचे मत हे निदान नसते, पण ते सगळ्यांत ताजे निरीक्षण असते. मी तिला सांगितले की आजार ओळखायचा नाही, फक्त कालच्यापेक्षा आज वेगळे काय वाटले ते लिही. साधारण महिन्याने तिसऱ्या चौकोनात पहिले वाक्य आले: "सर आज माझ्याकडे बघत नाहीत. रोज बघतात." त्या दिवशी रक्तातले सोडियम तपासले तर ते कमी आले. योगायोगही असेल.

कागदाचे शेवटी काय झाले, तर ब्युरोने तो उचलला आणि इतर घरांतही द्यायला सुरुवात केली. याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तक्रार ऐकून घेणारी संस्था आपल्याकडे विरळा. फक्त छापताना त्यांनी तिसरा चौकोन गाळला आणि त्या जागी आपला लोगो घातला.

एक तक्रार मात्र त्यांनी नाखुशीनेच मिटवली. पाळी सुरू झाल्याचा पुरावा म्हणून अटेंडंटने पेशंटसोबत स्वतःचा फोटो काढून ब्युरोच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा, असा त्यांचा नियम होता. एकदा दिवसपाळीच्या मुलीच्या फोनवर मला तो गट दिसला. त्यात चाळीस-पन्नास घरांतले म्हातारे होते. कोणी अर्धवट कपड्यात, कोणाच्या नाकात नळी, कोणी झोपेत. माझे यजमान स्पंजिंगच्या वेळचे होते, कमरेपर्यंत उघडे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत खासगीपणाचा आणि गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. घरी येणाऱ्या ब्युरोला लावायला दर्शनी भाग नसतो. "घरच्यांना तर आवडतं, पेशंट ठीक आहे हे कळतं," हे त्यांचे उत्तर. घरच्यांना आवडते म्हणून पेशंटची परवानगी मिळत नाही, हे मी दोनदा लिहिल्यावर आमच्यापुरता नियम बदलला आणि सहीच्या वहीचा फोटो चालू लागला. बाकीच्या घरांचे काय झाले ते मी विचारले आणि उत्तर मिळाले नाही.

"सिस्टर" या शब्दाबद्दलही बोलणे भाग आहे. ब्युरोच्या पत्रकावर "सिस्टर उपलब्ध" असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात ज्या मुली येतात त्या काही आठवड्यांचा कोर्स केलेल्या किंवा कोणाच्या हाताखाली शिकलेल्या असतात. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरी) दोन वर्षांचा, आणि दोघींनाही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आठवड्यातून दोनदा येणारी नर्स तशी नोंदणी असलेली होती; विचारल्यावर तिने नोंदणी क्रमांक दाखवला आणि तिला राग आला नाही. अटेंडंट मुलींना कमी लेखावे असे मला अजिबात म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच की तिला सिस्टर म्हटले की घरचे तिच्याकडून इंजेक्शनची अपेक्षा करतात, ती नाही म्हणायला लाजते, आणि मग कधीतरी देते.

आता आमच्या बाजूचेही लिहिते. माझ्या जाऊबाईंनी पहिल्या आठवड्यात अटेंडंटसाठी कप वेगळा काढला. मी तो परत मांडणीत ठेवला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. बारा तास ड्यूटी करणाऱ्या मुलीने जेवायचे कुठे, वीस मिनिटे पाठ टेकायची कुठे, कोणता संडास वापरायचा, हे ब्युरोच्या करारात नाही आणि आम्हीही पहिल्या दिवशी ठरवले नाही. शेवटी तिनेच लाजत विचारले. तिसऱ्या महिन्यात दिवसपाळीच्या मुलीने शाळेच्या फीसाठी पाच हजार उसने मागितले. ब्युरोचा नियम असा की पैशांची देवघेव करायची नाही, आणि नियम योग्यच आहे, कारण उसन्याचे ओझे असलेली मुलगी घरातली चूक तोंडावर सांगू शकत नाही. हे सगळे मला माहीत असूनही मी पैसे दिले. त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी वेगळ्याच आवाजात बोलत होती, प्रत्येक गोष्टीला "चालेल, चालेल" म्हणत होती. मी पैसे परत घेणार नाही असे सांगितल्यावर तर ते आणखीच वाढले.

दिवसपाळी आम्ही याच ब्युरोकडे पुढे चालू ठेवली आहे, आणि ती त्या मुलीसाठी. रात्रपाळीची मुलगी लग्नासाठी गावी गेली, म्हणून रात्रीसाठी मागच्या आठवड्यात दुसरीकडे फोन केला. तिकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पेशंटचं वजन किती?" मी ६८ किलो सांगितले. दुसरा प्रश्न लिफ्टचा होता. पेशंटला बोलता येत नाही पण सगळे समजते, आणि त्यांना सर म्हणायचे, हे मी न विचारता सांगितले, आणि लिहून घ्या म्हणून सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "कुठे लिहू, मॅडम? फॉर्ममध्ये जागा नाहीये."